खापर पारध्याच्या माथी
हिंजवडीत तित्तिर ऐकू येत नाहीत, याचे खापर फराळाला आलेले माझ्या विद्यार्थ्यांचे पालक फासेपारध्यांवर फोडतात, तेव्हा माझे पित्त खवळते. पाळलेला तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फासे मांडायचे. त्याची साद ऐकून रानचा नर आपली हद्द राखायला धावे नि अडके. क्रूर खरेच! १९७२ च्या कायद्याने ते बंद केले, ठीकच झाले. पण पारध्याला पुढल्या वर्षीही तित्तिर हवे असत. माळ त्याने खणला नाही. कुसळी गवत नि बोरीची झुडपे उपटून इथे संगणकांचे इमले कोणी उठवले? तित्तिराचे घरटे त्याच गवतात असते, अहो, जमिनीवर! पारध्यावरचा ‘गुन्हेगार’ हा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. आपल्या जिभेवर तो अजून आहे.