कशाचेंच नसलेलें छायाचित्र

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला. धाकट्या पुतण्यानें आरशाच्या तीन पट्ट्या त्रिकोणी नळीसारख्या बांधल्या, तींतून कॅमेरा रोखला आणि फुटक्या बांगड्यांचें छायाचित्र काढलें. वडीलबंधूंनीं तें हातीं घेऊन विचारलें, "हें कशाचें?"

"कशाचेंच नाहीं, मोठे काका."

"मग काढलेंस कशाला?"

निवाडा माझ्याकडे आला.

दादांचा प्रश्न नवा नव्हे. सन १९१६ त लंडन येथें आल्विन लँग्डन कोबर्न यांच्यापुढें तोच उभा होता. हे गृहस्थ मूळचे अमेरिकेंतील बोस्टनचे. बर्नार्ड शॉ, मार्क ट्वेन अशा थोरांचीं त्यांनीं काढलेलीं छायाचित्रें गाजलेलीं होतीं. तेव्हां हुबेहूब साम्य ज्याला साधत नाहीं, अशा माणसाचा हा खेळ नव्हता. इतर कला नकलेची बेडी तोडूं शकतात, तर कॅमेऱ्यानेंच ती कां वागवावी, असें त्यांनीं त्या वर्षीं लेख लिहून विचारलें. मग तीन आरसे त्रिकोणांत बांधून त्यांतून भिंग रोखलें आणि लांकडाच्या व स्फटिकाच्या तुकड्यांचीं चित्रें घेतलीं.

युक्ति सर डेव्हिड ब्रूस्टर यांनीं १८१६ त शोधलेल्या शोभादर्शकाचीच. परंतु शोभादर्शक जरा फिरविला कीं आकृति मोडते व पुन्हां हातीं लागत नाहीं. कॅमेरा तींतील एक धरून ठेवतो. कोणती धरावयाची, हें मात्र माणसानेंच ठरवावें लागतें.

फेब्रुवारी १९१७ मध्यें हीं चित्रें लंडनच्या कॅमेरा क्लबांत मांडलीं गेलीं. सूचिपत्राची प्रस्तावना कोबर्न यांचे स्नेही, कवि एझरा पाउंड यांची. पण तींतही ही कला केवळ डोळ्याची, डोळा व हात या दोहोंची नव्हे, म्हणून खालच्या पायरीची ठरली! कोबर्न यांनीं हा उद्योग लवकरच सोडला. तरी हेतुपूर्वक काढलेल्या पहिल्या अमूर्त छायाचित्रांत त्यांची गणना आज होते.

हें सारें मीं सांगितलें. दादा भिंतीकडे पाहत होते. आमच्या आईचें एकच छायाचित्र घरांत आहे, तेंही पुसट. साम्याचें मोल दादांना अधिक कां, हें मला त्या क्षणीं कळलें आणि निवाडा देण्याची घाई ओसरली. भिंतीवरचें चित्र गेलेलें माणूस राखतें. मुलाचें चित्र पाहण्याची हौस राखतें. एकाच यंत्राचीं हीं दोन कामें आहेत. एकानें दुसऱ्याचा हेवा करण्याचें कारण नाहीं.

घरोघरीं हा प्रयोग करून पाहावा. फक्त आरशाच्या धारा वडील माणसांनीं घांसून द्याव्या.

दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों दादा चष्मा पुसून नळीशीं बसलेले. पुतण्या बांगड्या हालवीत होता.

"थांब," दादा म्हणाले, "आतां हालवूं नकोस. हें घे."