विसरभोळा स्पीकर
कार्तिकी एकादशी, साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा, आणि नेमका त्याच सकाळी भाच्याने आमच्या स्पीकरचा रिसेट दाबला. अभंग बंद! रिसेट झाला की यंत्र घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड विसरतं; ॲप मात्र जुनी नोंद उराशी धरून बसतं. ती आधी काढली, फोनचं ब्लूटूथ, लोकेशन चालू केलं. तरी जुळेना. फोन ५ गिगाहर्ट्झवर, आणि या ठोंब्याला कळतं फक्त २.४. ते नेटवर्क निवडलं, तेव्हा कुठे दिवा लुकलुकायचा थांबला. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा कान पिळला की भागायचं. रेडिओचा म्हणतोय, भाच्याचा नव्हे. तोवर हिने जत्रेतून सुके बोंबील आणलेही होते. एकादशी सुटेपर्यंत डब्यात.