बाटलीचे बूड वाचताना

जुना वाडा पाडायला काढला की माळवदाखालच्या कोनाड्यांतल्या बाटल्या सर्वांत आधी भंगारात जातात. धाराशिव जिल्ह्यात तरी असे होऊ नये. तेरच्या पांढरीत सापडणारे मणी, खापरे, मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या, म्हणून तेरचा, म्हणजेच प्राचीन तगराचा, पुरावा आज तिथल्या संग्रहालयात पाहता येतो. शंभर वर्षांची बाटली त्यापुढे कालची. पण तीही जपायलाच हवी.

बाटली आधी उलटी करावी. पोटावरचे उठावाचे नाव बहुधा सोडा किंवा औषध विकणाऱ्याचे असते. काच घडवणाऱ्याची खूण बऱ्याचदा बुडाशी, एखाद्या अक्षरात किंवा चिन्हात दडलेली असते. या दोहोंची गल्लत फार होते. शेजारचा अंक पाहून साल सापडले असे वाटते, पण पुष्कळदा तो साच्याचा क्रमांक निघतो.

म्हणून खूण घडणीशी ताडून पाहावी. साच्याची शिवण मानेपाशीच थांबली असेल, तर ओठ बहुधा कारागिराने मागाहून घडवलेला. ती ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्राची असण्याचा संभव अधिक. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आले. हातघडण मात्र त्यानंतरही चालू राहिली. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड यांच्या १८७० च्या दशकातल्या पेटंटची, म्हणून प्रत्येक गोटीबाटली तेवढी जुनी ठरत नाही. रंगावर तर भिस्त ठेवूच नये. हिरवट झाक वाळूतल्या लोहानेही येते.

खूण लागली नाही की बाटली विलायती ठरवण्याची घाई होते. पण काच इथेही बनत होती: तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळचे ओगले यांचे काचकाम १९१६ चे. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचल्यावर बाहेरचा माल या मुलखात येणे सोपे झाले. शिवाय आपल्या घरांत बाटली रिकामी झाली म्हणून टाकत नसत. मद्याच्या बाटलीत करडईचे तेल, औषधाच्या बाटलीत रॉकेल. खूण बनवणाऱ्याचे नाव सांगते, वापरणाऱ्याचे नाही.

ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे लागेल, आणि लवकर. बाटली कुठे, कशासोबत सापडली, कशाला वापरली, हे चिठ्ठीवर लिहून ती गळ्याला बांधावी. बुडावर पातळ कागद धरून पेन्सिल हलकेच फिरवली, तर डोळ्यांना न दिसलेले अक्षरही कागदावर उमटते.