ओढतंय म्हणजे थांबतंय असं नाही!

परळीकरांनो, आता कुणी म्हणेल हे दरवर्षीचंच रडगाणं आहे. असू द्या. ऊस दरवर्षी जातो, माणसं दरवर्षी मरतात, तर पोस्टही दरवर्षी पडणार.

गेल्या हंगामात सिरसाळ्याहून रात्री मोटारसायकलवर येत होतो. पुढे डबल ट्रॉली. मागे लाईट नाही, रेडियम नाही, वर उसाचा डोंगर आणि मुंडक्यावर टेप फुल्ल आवाजात. हॉर्न ऐकू जायचा प्रश्नच नाही. मागची ट्रॉली सापासारखी डावी-उजवी हलत होती. ओव्हरटेक करायची हिंमत झाली नाही, तीन-चार किलोमीटर मुकाट्यानं मागं चाललो. पुढं एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा, चाकाला दगड लावलेले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेलेला, दगड तिथंच रस्त्यात!

आपल्याकडं ट्रॅक्टर घेताना एकच प्रश्न विचारतात. "किती ओढतो?" पन्नास एचपीचं मुंडकं आहे, दोन ट्रॉल्या आरामात ओढतंय, विषय संपला. पण ते थांबतं का, हे कुणी विचारत नाही. मुंडक्याचं वजन साधारण दोन टन. मागं दोन ट्रॉल्यांत वीस टनांच्या आसपास ऊस, शिवाय ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. ब्रेक कशाला? तर मुंडक्याच्या मागच्या दोन चाकांना. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दोन टनानं वीस टन धरून ठेवायचे.

अंबाजोगाईहून परळीकडं उतरताना याचा अर्थ कळतो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की मुंडकं थांबायला बघतं, मागचं वजन त्याला ढकलतं, आणि मुंडकं आडवं होतं. चढाला उलटं. हुकावर भार येतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. पुढं बोनेटवर दगड बांधणारे नाहीतर पोरं बसवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ही अक्कल नाही, हा ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी चुकल्याचा पुरावा आहे.

इंग्लंडमध्ये लोक सुट्टीला मोटारीमागं कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकावरची खोली, जोडून नेतात. तिथं नवख्या माणसाला सल्ला देतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. गाडी 1500 किलोची तर मागं 1275 किलो, बास. आणि 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक पाहिजे हा तिथला कायदाच. ट्रॅक्टर हळू चालतो, त्याला हा हिशोब जसाच्या तसा लागू नाही, मान्य. पण कुठं 85 टक्के अन् कुठं दहापट!

ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही. तो विशी-बाविशीचा पोरगा, रोजावर किंवा खेपेवर. मालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आणि मुकादमाकडची उचल. पैसे टनावर मिळतात, मग टन वाढणारच. आणि दसऱ्यानंतर याच ट्रॉलीत आपल्याच तालुक्यातले कोयते लेकराबाळांसकट, भांड्याकुंड्यांसकट पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकात जातात. उलटली तर कोण खाली येतं, हे सांगायला नको.

खरा प्रश्न काट्याचा आहे. प्रत्येक कारखान्यात प्रत्येक खेपेचं वजन होतं, पावती फाटते. कोणत्या ट्रॅक्टरनं किती टन आणला हे कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये तारीख-वेळेसह पडलेलं असतं. आरटीओला रस्त्यावर उभं राहून हुडकायची गरजच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, हेही त्याच कलमात आहे. आणखी एक, तो नुसता चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. हे शब्द आपल्या नेत्यांनी आणि संचालकांनी एकदा वाचावेत.

(राखेच्या गाड्यांवर वेगळी पोस्ट लिहीन. तो विषय अजून मोठा आहे.)

सध्या मागणी एवढीच आहे. मोळी टाकायच्या आधी कारखान्यानं करार केलेल्या प्रत्येक ट्रॉलीची पिन, साखळी, टायर, मागचे लाईट आणि रेडियम तपासावं, मगच खेप द्यावी. घाटाच्या रस्त्यावरून येणाऱ्याला एकच ट्रॉली. आणि ठरल्यापेक्षा जादा भरलेल्या टनाचं वाहतूक भाडं द्यायचंच नाही. उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण द्या, भाडं कापा. भाडं मिळत नाही म्हटल्यावर कुणी जास्त भरणार नाही.

तहसीलदार आणि आरटीओला द्यायचं निवेदन तयार आहे. सही करायला कोण येतंय, कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. ट्रॅक्टर मालकांनी तर आधी यावं, त्यांचीच पोरं स्टेअरिंगवर असतात.