वाडा, कोट आणि दुधाचे दात



थंडीची चाहूल लागली की एखादा रविवार कुटुंबासाठी राखून ठेवावा आणि पहाटेच घर सोडावे. शिरूर तालुक्यातील पाबळ आणि इनामगाव ही दोन गावे एका दिवसात सहज पाहून होतात.

पाबळ हे थोरल्या बाजीरावांनी मस्तानीला इनाम दिलेले गाव. तेथे तिच्या वाड्याचे अवशेष आहेत आणि तिची समाधीही आहे. 1740 मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही. तिचा मुलगा समशेर बहादूर तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. समाधीपाशी क्षणभर शांत उभे राहावे.

तेथून घोड नदीकाठच्या इनामगावास जावे. 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. वस्तीला कोट होता, कोटाबाहेर खंदक होता आणि शेताकडे पाणी वळवणारा कालवाही होता. गावप्रमुखाचे घर पाच खोल्यांचे. त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार. आज तेथे उभे तट दिसणार नाहीत. म्हणून मुलांना आधी पुण्यातील डेक्कन कॉलेजचे संग्रहालय दाखवून आणावे.

येथे दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची, घराच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत ठेवलेली. संशोधकांनी त्या मुलांचे दुधाचे दातही तपासले. दुधाच्या दातांचे एनॅमल आईच्या पोटातच घडू लागते. त्या काळात उपासमार किंवा आजारपण आले तर त्याची खूण दातावर राहते आणि ती पुढे भरून येत नाही. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास पाऊसमान घटले, पिके उणावली आणि ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे उत्खननकर्त्यांनी मांडले आहे. कोट शत्रूला अडवील. अवर्षणाला कसा अडवणार? घरात कोणी गरोदर असेल, तर तिच्या ताटाकडे आजच लक्ष द्यावे, एवढे इनामगाव आपणास सांगते.

सोबत पुरेसे पाणी, टोप्या आणि भाकरी-चटणीची शिदोरी घ्यावी. आजी-आजोबांच्या चालीने चालावे. त्यांची औषधे विसरू नयेत. दुपारच्या उन्हात मोकळ्या पांढरीवर फार वेळ थांबू नये.

परतताना न्हावऱ्याहून भीमा ओलांडून दौंड तालुक्यातील चौफुल्याकडे यावे. वाटेत उसाचे मळे आणि गुऱ्हाळे लागतील. ताज्या गुळाचा लहानसा खडा तोंडात टाकावा. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र सुवासावरच समाधान मानावे.

आणि गाडीत बसल्यावर आजीला विचारावे, 1972 च्या दुष्काळात घरी चुलीवर काय शिजत होते? ते उत्तर मुलांनी ऐकलेच पाहिजे.