निवाडा आणि प्रत्युत्तर

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांत न्यायालयीन निवाड्यास दिलेल्या प्रत्युत्तराला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून स्थान नाही. ते असावयास हवे. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलने’च्या (१८८२) मुळाशी बालहत्येच्या आरोपावरून सुरतेतील एका विधवेला १८८१ साली झालेली शिक्षा होती, हे अभ्यासक जाणतातच. परंतु तो धागा पुढे नेऊन पाहिला जात नाही.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, हा त्यातला एक मुद्दा. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राचे सारे बळ एका शब्दभेदात आहे. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे! पुढील आंदोलनातून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. (चौघांपैकी दोघे मराठी, पत्र मात्र इंग्रजीत, म्हणून ते आपल्या निबंधसंग्रहांत कधी आले नाही.)

सांगानेरपासून बस्सीकडील भटेरी गावापर्यंतचा जयपूरचा टापू ढूंढाडी बोलीचा. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ भंवरीदेवी यांनी तेथे एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा प्रयत्न केला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने बलात्काराचा आरोप अमान्य केला. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीच्या वाटेस जाणे संभवनीय नाही, असा त्यामागील तर्क. संभवनीयता ही ॲरिस्टॉटलपासून कथानकाची कसोटी मानली गेली आहे. येथे जातिव्यवस्थेनेच ती कसोटी पुरविली. असा निवाडा कथनमीमांसेच्या अभ्यासकांनी वाचू नये तर कोणी वाचावा?

१९९७ च्या ‘विशाखा’ निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यांवरच उभा आहे. त्या निकालास नाव मिळाले ते याचिकाकर्त्या संस्थेचे. भंवरीदेवी त्यात ‘एक समाजकार्यकर्ती’ एवढ्याच उरतात.

ताराबाईंनी स्वतः लिहिले. देसाईगंजच्या मुलीसाठी इतरांनी लिहिले. भंवरीदेवी सभासभांतून बोलत आल्या आहेत, आणि आपणांपर्यंत पोचतो तो बहुधा हिंदी-इंग्रजी वृत्तांतांतील सारांश. तौलनिक साहित्याच्या विभागांनी ते बोलणे बोलीसकट टिपून घ्यावे, आणि ‘स्त्रीपुरुषतुलने’शेजारी अभ्यासक्रमात ठेवावे.