व्हॅनमध्ये राहणं खरंच स्वस्त पडतं का? दोन वर्षांचा माझा हिशोब

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघंही पुण्यात आयटीत, तिघांच्याही घरमालकांनी भाडं वाढवलेलं. प्रश्न असा, की "फ्लॅट सोडून व्हॅन घेतली तर पैसे वाचतील ना?" इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या व्हॅनची मागची दारं समुद्राकडे उघडलेली असतात, आत पांढरी गादी असते, शेगडीवर कॉफी उकळत असते. पेट्रोलचं बिल कुणी दाखवत नाही.

मी २०२३ च्या जुलैत कोथरूडचा वन-बीएचके सोडला. भाडं बावीस हजार होतं आणि मालकांना पंचवीस हवे होते. माझं काम तांत्रिक मॅन्युअल लिहिण्याचं. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की झालं, कुठूनही करता येतं. २०१९ ची सेकंडहँड इको ३ लाख ४० हजारांना घेतली. बेड, बॅटरी, सोलर, फ्रिज, पाण्याच्या टाकीवर आणखी १ लाख ३५ हजार गेले. आता दोन वर्षं उलटून गेली आहेत, तर सगळे आकडे तुमच्यासमोर ठेवतो.

पहिल्या वर्षी मी फ्लॅटपेक्षा जास्त खर्च केला. हो, जास्त.

महिन्याला सरासरी १,८०० किलोमीटर गाडी चालवली. कंपनी काहीही सांगो, सामान भरलेली, डोक्यावर पॅनल असलेली इको मला लिटरला १४ च्या वर देत नाही. तेव्हा पेट्रोल १०६ रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे तेरा हजार सहाशे फक्त पेट्रोलचे. त्यात टोल, पार्किंग, सर्व्हिसिंग, आणि महिन्यातून तीनदा "आज नीट अंघोळ करून पंख्याखाली झोपायचंच" म्हणून घेतलेली लॉजची खोली. सगळं मिळून पंचवीस हजार सातशे. गाडीची किंमत दर महिन्याला उतरतेय ती धरली (चार वर्षांनी अडीच लाख आले तर महिन्याला ४,७०० चा फटका), तर आकडा तीस हजारांच्या वर जातो. फ्लॅटमध्ये लाइटबिलासकट तेवीस हजारांत भागत होतं.

चूक कुठे झाली हे कळायला मला सात-आठ महिने लागले. मी भाडं वाचवलं नव्हतं, ते पेट्रोलपंपावर भरत होतो. प्रत्येक किलोमीटरला साडेसात रुपये. बावीस हजारांचं भाडं म्हणजे २,९०० किलोमीटर. व्हॅन घेणाऱ्या प्रत्येकाने आपलं भाडं असं किलोमीटरमध्ये एकदा मोजून बघावं.

हा प्रकार जिथून आला त्या अमेरिकेतही वेगळं काही नाही. २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या तरुणाने 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग सुरू केला. पण तिथे हे परवडण्यामागे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाहीच: केंद्र सरकारच्या ताब्यातली प्रचंड मोकळी जमीन, जिच्यावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट थांबता येतं. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळच्या वाळवंटात तर अनेक वर्षं १८० डॉलरच्या परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने मुक्काम करता येत होता. तिथले अनुभवी लोक हिवाळाभर एका जागी बसतात, रोज गाव बदलत नाहीत. शहरांत मात्र जागा आवळत चालली आहे. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्यांना दंड करायची शहरांना मोकळीक दिली.

आपल्याकडे अशी जमीन नाही. पण शेतकरी आहेत, होमस्टेवाले आहेत, कृषी पर्यटन केंद्रं आहेत. दुसऱ्या वर्षी मी तेच धरलं. एका ठिकाणी तीन-चार आठवडे बसायचं, मग हलायचं. किलोमीटर साडेचारशेवर आले आणि पेट्रोल चौतीसशेवर. सध्या दापोलीजवळ एका काकांच्या नारळाच्या वाडीत आहे. दिवसाला दीडशे रुपये, त्यात संडास-बाथरूम, विहिरीचं पाणी आणि सोळा अँपिअरचा एक सॉकेट. वीज सब-मीटरवर, बारा रुपये युनिट. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "पंखा रात्रभर लावा हो, काही हरकत नाही. पण ती तुमची शेगडी सात ते नऊच्या मधे नको, व्होल्टेज पडतं."

ते बरोबरच होतं. माझी इंडक्शन व्होल्टेज १७० च्या खाली गेलं की एरर दाखवून बंद पडते. त्यामुळे माझा स्वयंपाक आता साडेसहाला उरकतो.

आताचा महिना असा: पेट्रोल ३,४००, जागा ४,५००, वीज ४००, दोन सिमकार्डं ५५०, गॅस ६००, कपडे धुणं वगैरे ८००, सर्व्हिसिंग-टायर-विमा मिळून बाजूला टाकतो ते २,८००. तेरा हजारांच्या आसपास. गाडीची घसारा धरून पावणेअठरा. तसलाच फ्लॅट आज लाइटबिल धरून सव्वीस हजारांना पडला असता, म्हणजे सव्वाआठ हजार वाचतात. वाचतात हे खरं, पण नोकरी सोडावी इतके नाहीत.

विजेचं गणित: इथेच बहुतेक जण फसतात

माझी बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, लिथियम आयर्न फॉस्फेट. गुणाकार केला की १,२८० वॅट-तास येतात. घरच्या भाषेत सव्वा युनिट, त्यातलं वापरायला १.१ युनिट धरा. दिवसाचा खर्च बघा. लॅपटॉप सात तास, ०.३५ युनिट. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज चोवीस तास, ०.४५. पंखा दहा तास, ०.२. दिवे आणि मोबाइल मिळून ०.१. झाली १.१, म्हणजे एक दिवस. इंडक्शन यात नाहीच, आणि एसी तर विसराच. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रीत पाच युनिटं सहज खातो. तेवढ्या बॅटऱ्या ठेवल्या तर झोपायचं कुठे?

छतावर १८० वॅटची दोन पॅनल आहेत. ३६० वॅट गुणिले दहा तास ऊन म्हणजे साडेतीन युनिटं, असं विकणारा सांगतो. पॅनल छतावर सपाट पडलेली असतात, त्यामुळे भर उन्हाचे धरायचे साडेचार तासच. पॅनलचा वॅट २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. एप्रिलच्या दुपारी काच ६५ अंशांवर जाते आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे तिथेच पंधरा टक्के गेले. धूळ, वायर, कंट्रोलरचं नुकसान वेगळंच. हाती लागतं १.१ युनिट. जेमतेम जमतं. आणि त्यासाठी गाडी उन्हात लावावी लागते, जेव्हा आपल्याला सावली हवी असते! पॅनलला ऊन आणि माणसाला झाड, हे भांडण उन्हाळाभर चालतं. पावसाळ्यात प्रश्नच नाही, कोकणात जुलैत मला दिवसाला पाव युनिटही मिळालेलं नाही.

मग इंजिन चालू ठेवून चार्ज केलं तर? गाडी तशीही पळत असेल तर उत्तम, माझा चार्जर तासाला पाव युनिट भरतो. पण जागेवर उभं राहून इंजिन चालवलं तर तासाला अंदाजे ०.७ लिटर पेट्रोल जळतं. त्र्याहत्तर रुपयांत पाव युनिट, म्हणजे युनिट पडलं २९० रुपयांना. काकांचं बारा रुपयांना.

माझी सगळ्यात महागडी चूकही विजेचीच. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे मला माहीत होतं, तरी वायर आखूड लागते म्हणून बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागेच बसवली. गेल्या एप्रिलमध्ये पंढरपूरहून निघून तीन तास गाडी चालवली आणि उन्हात थांबून क्लायंटच्या मीटिंगला बसलो. या बॅटरीत एक सर्किट असतं, तापमान हद्दीपलीकडे गेलं की ते बॅटरी तोडून टाकतं. ती बिघडलेली नव्हती, तिचं काम करत होती. पण लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आधीच संपत आलेली, मोडेम बंद, मी मीटिंगमधून गायब. दोन महिन्यांत असं तिसऱ्यांदा झालं होतं. ते काम गेलं. महिन्याला अठरा हजारांचं होतं. वायरचे चारशे रुपये वाचवले होते मी! आता बॅटरी मागच्या दाराशी, हवेशीर खोक्यात आहे.

एक बरी बातमी, बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत लिथियम बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२३ मध्ये दर युनिट क्षमतेला १३९ डॉलर होती, २०२४ मध्ये ११५ झाली. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात सोलर पॅनलवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण हे लक्षात घ्या की स्वस्त झालं ते एकदाच घ्यायचं सामान. दर महिन्याला लागणारं पेट्रोल स्वस्त झालेलं नाही.

इंटरनेटचं तेच. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दोन जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ वरून ३४९ झाला. सह्याद्रीच्या घळीत एकच सिम कामाला येत नाही, त्यामुळे दोन ठेवावीच लागतात. उपग्रहाचं इंटरनेट येतंय म्हणून बरेच जण खूश आहेत. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. पण त्यांची छोटी डिशसुद्धा २५ ते ४० वॅट घेते. आठ तास चालवली तर माझ्या बॅटरीचा पाव हिस्सा तीच खाणार.

टोल, नंबरप्लेट आणि आरटीओ

१५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला. आला तेव्हा तीन हजारांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फेरी पंधरा रुपयांच्या आसपास पडते, घ्यायलाच हवा. पण दोन अटी आहेत. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. आणि तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. स्वस्त मिळते म्हणून जुनी कार्गो व्हॅन घेऊ पाहणाऱ्यांनी इथे थांबा. मालवाहू नोंदणी असेल तर पास नाही, वर फिटनेस तपासणीचं झंझट, आणि मागे माणूस झोपलेला दिसला की पोलिसांचे प्रश्न.

बदल करण्याबद्दलचा कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. खऱ्या कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन धोरण आणलं, पण ते पर्यटन व्यवसायासाठी, माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्यासाठी नाही. मी काहीही वेल्डिंग केलेलं नाही. बेड उचलून बाहेर काढता येतो, पॅनल कॅरिअरवर आहेत. मागचं सीट सांगलीला आईच्या माळ्यावर आहे. एजंट म्हणाला "चालतं". मी त्याचा अर्थ 'चालतं' एवढाच घेतो, 'कायदेशीर आहे' असा नाही. विमा कंपनीला सामानाबद्दल लेखी कळवून ठेवलंय, कारण उद्या वायरिंगने आग लागली तर पहिला प्रश्न तोच येणार.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या टाळू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी असून भागत नाही, जमिनीलगत झरोका हवा. (पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पत्ता नसलेल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.) दुसरी गोष्ट, कुणाच्या सॉकेटला गाडी जोडली की आख्खी लोखंडी बॉडी त्या वायरिंगच्या भरवशावर असते. जुन्नरला एका ठिकाणी पावसात दाराला हात लावला आणि झिणझिण्या आल्या. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. आता आधी टेस्टर लावतो, आणि माझ्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. दीड-दोन हजारांची वस्तू आहे.

नव्या गावात गेलो की आधी पोलीस पाटलांना भेटून येतो. रात्री दोनला काचेवर टकटक होण्यापेक्षा ते बरं.

तर, त्या तिघांना मी काय सांगितलं? कर्ज काढून व्हॅन घेऊ नका, हप्ता आला की वाचणारे सव्वाआठ हजार जागच्या जागी जातात. रोज ऑफिसला जावं लागत असेल तर विषयच बंद. घरून काम असेल तर आधी एखादी गाडी भाड्याने घेऊन मे महिन्यात आठ दिवस राहून बघा, डिसेंबरात नको. डिसेंबरात सगळंच छान वाटतं. तिघांपैकी एकाने खरंच मे महिन्याची तारीख ठरवलीय.

माझं म्हणाल तर एप्रिल-मे दोन महिने सांगलीला आईकडे काढतो, व्हॅन अंगणात आणि मी पंख्याखाली. वाडीतल्या काकांना फेब्रुवारीअखेरपर्यंतचे पैसे दिलेत. त्यानंतर क्लच बदलायचा आहे. मेकॅनिकने नऊ हजार सांगितलेत, म्हणजे त्या महिन्यात फ्लॅटच स्वस्त पडणार.